हैबतीचा खराटा

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट.

एका उतारावर दोन शेतं होती आणि मधे एकच बांध. अलीकडचं हैबतीचं, पलीकडचं सगुणाचं. दोन्ही शेतांतली माती वर्षानुवर्षं पावसाबरोबर वाहून गेली होती. खालचा मुरूम उघडा पडला होता, आणि नाचणी वीतभर वाढून थांबायची.

सगुणाचा नवरा गेला, त्या साली तिनं पेरणीआधी शेतात खड्डे खणले. रांगेनं करंजाची झाडं लावली, शिवणीची लावली.

हैबती बांधावर उभा राहून म्हणाला, "वहिनी, दाणे सोडून सावली पिकवताय? सावली दळून भाकरी होत नाही."

"नाही होत, भावजी," सगुणा म्हणाली आणि पुढचा खड्डा खणू लागली.

तीन वर्षं हैबती हसला. मग झाडं डोक्याच्या वर गेली. रांगांमधल्या पट्ट्यांत नाचणीची कणसं भरू लागली. वाटेनं जाणारे थांबून म्हणत, "बाईनं मुरमाचं शेत केलं." ती वाट हैबतीच्या शेताला लागूनच होती, पण तिकडे कुणी मान वळवत नसे. हैबती खाली बघून काम करी आणि एकेक शब्द ऐके. पलीकडे पाखरं बोलली तरी ती तिचंच कौतुक करताहेत असं त्याला वाटे.

पानगळ लागली की वाऱ्यानं झाडांची पानं बांध ओलांडून त्याच्या शेतात येत. ती आपल्याला खिजवायलाच येतात, अशी त्याची खात्री होती. रोज सकाळी तो खराटा घेऊन जाई, पान न् पान गोळा करी आणि टोपली बांधापलीकडे रिकामी करी.

"तुमचा कचरा तुम्हीच सांभाळा, वहिनी."

"राहू द्या की तिथंच. कुजेल."

"तुमची मेहेरबानी नको मला."

त्याची बायको गिरजा म्हणे, "जन्मात कधी अंगण झाडलं नाहीत, आणि शेत झाडताय."

अशी नऊ वर्षं गेली. हैबतीची कणगी दर साली आणखी लवकर तळाला जाई. शेवटी गिरजा म्हणाली, "यंदा पिकलं नाही तर इथं राहणं नाही. खाली सपाटीला जाऊन लोकांच्या शेतात राबायचं."

हैबती तडक पंचांकडे गेला. "तिची झाडं बांधाखालून मुळं घालतात आणि माझ्या मातीचं सत्त्व ओढतात. तोडायला लावा."

पंच शेतावर आले. त्यांच्यातला सर्वांत म्हातारा म्हणाला, "बांधाच्या दोन्ही अंगांना खणू. मुळांनी तुझी माती खाल्ली असेल, तर झाडं पडतील."

सगुणा जवळच्या करंजावर हात ठेवून उभी राहिली.

हैबतीच्या अंगाला पहिल्याच घावात कुदळ मुरमावर आपटली. दोनचार मुळं निघाली, तीही बारीक, उपाशी असल्यासारखी. सगुणाच्या अंगाला कुदळ हातभर आत गेली. माती काळी, ओलसर, गांडुळांनी भरलेली. तिच्या बाकीच्या शेतातही एवढी नव्हती.

"सगुणा, नेमकं बांधालगत एवढं खत कुठनं आणलंस?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मी नाही आणलं, बाबा. भावजी आणून टाकतात. रोज सकाळी."

आधी एक हसला, मग सगळेच. "हैबती, मजुरी तरी मागायचीस," म्हातारा म्हणाला.

झाडं राहिली. हैबतीची नाचणी त्या साली जागेवर करपली. घराला कडी घालून तो गिरजाबरोबर खाली सपाटीला गेला. त्या पानगळीत पानं आली, तेव्हा झाडायला कुणी नव्हतं. पुढच्या पानगळीतही नव्हतं.

दोन वर्षांनी ती दोघं परत आली. गिरजानं बांधाजवळ खुरप्यानं उकरलं. मुरमावर बोटभर काळी माती धरली होती.

"दोन वर्षांत एवढी," ती म्हणाली.

नऊ वर्षांची किती झाली असती, हे हैबतीला विचारावं लागलं नाही. ती सगळी पलीकडे होती आणि परत मागता येण्यासारखी नव्हती. तो बांधाशी गेला.

"वहिनी, करंजाचं एखादं रोप मिळेल का?"

सगुणानं वर पाहिलं. "आधी खड्डा खणा, भावजी."

तात्पर्य : शेजाऱ्याचं म्हणून जो चांगलंही परत फेकतो, तो स्वतःच्याच हातांनी आपलं शेत उजाड करतो.