वरून ओतलेलं पाणी

एका राज्यात तटाच्या आत राजा नांदे आणि तटाबाहेर दोन वस्त्या, घोंगडीवाल्यांची नि मीठवाल्यांची. आतले लोक दोघांनाही पाणी प्यायला भांडं देत नसत. वरून धार सोडत, खाली ओंजळ धरायची. आणि या वस्त्या एकमेकींनाही तसंच वरून पाणी वाढत.

एका सकाळी राजाच्या चेटक्याने तटावरून मूठभर राख उधळली. तटाबाहेरची लेकरं पायांपासून दगड होऊ लागली.

घोंगडीवाल्यांच्या हौसाची तुळी तीन वर्षांची. हौसा घडोघडी तिचे पाय चाचपी. घोटे गेले. गुडघे गेले. "मीठवाल्यांचीच करणी!" वस्ती म्हणाली. मीठवाले घोंगडीवाल्यांकडे बोट दाखवीत होते.

छपरावर टिटवी बसली. म्हणाली, "कामं तीन. काळ्या-पांढऱ्या लोकरीची पट्टी विणून पोरीला गुंडाळ. मीठवाल्यांच्या विहिरीचं पाणी घे. ते तिला पाज. पण विहिरीपासून ओठांपर्यंत त्याच्यात वारा शिरू देऊ नकोस."

हौसा पांढऱ्या लोकरीच्या घरची. काळ्या लोकरीवाले शेजारीच, पण एकमेकांच्या मागाला हात लावत नसत. ती काशाआत्याच्या दारात उभी राहिली.

"आज कशी वाट चुकलीस गं? आमच्या लोकरीनं तुमचा माग बाटंल ना!"

"बाटू दे, आत्या. तुमचाही नातू कमरेपर्यंत गेलाय. बसा विणायला."

आत्याने काळी लोकर काढली. बसली. दुपारी पट्टी झाली, पोरीला गुंडाळली, नि दगड मांडीशी थबकला.

दगडाचं ओझं कडेवर घेऊन हौसा विहिरीवर धावली. मीठवाल्यांची गोजरा पाणी शेंदत होती. तिचा लेक काठावर, छातीपर्यंत दगड.

"पाणी दे, बाई."

गोजराने कळशी उंच धरली. हौसाने पोरीला खाली ठेवून ओंजळ पुढे केली. दोघींना सवयच ती. धार हवेतून आली नि हातात वाळू झाली. पट्टीखाली दगड पुन्हा सरकू लागला.

"वारा शिरला गं मधे!" हौसा रडकुंडीला आली. "भांडं दे. हातात दे."

"माझी उष्टी कळशी आहे. तुझ्या लोकांना चालंल?"

"त्यांना विचारायला वेळ कुठाय?"

हौसाने कळशी घेतली, काठ तुळीच्या ओठांना टेकवला. तुळी घटाघटा प्याली. मांड्या मऊ झाल्या, गुडघे वाकले, बोटं हलली. हौसाने पट्टी सोडून गोजराच्या लेकाभोवती बांधली, तीच कळशी त्याच्या तोंडाला लावली. मग काशाआत्या नातवाला घेऊन आली. मग वस्त्या आल्या. काही घरं फार वेळ लांबच उभी राहिली. शेवटी लेकरांकडे बघून तीही आली.

करणी उलटली नि तटावर चेटक्याचा राख उधळणारा हात दगड झाला. धसकलेल्या राजाने त्याला हाकललं, वेस उघडली नि पाणपोईवर भांडी मांडली.

तुळी उठली ती थेट मीठवाल्यांच्या पोरांत पळाली. "शिवू नकोस त्यांना!" हौसाच्या ओठांवर आलं. तिने ते गिळलं.

"सावकाश गं," ती ओरडली. "पडशील!"

त्या राज्यातली लेकरं चालती झाली. तुमची-आमचीही चालती राहोत.