ठकू पाटकरणीचा नकार

ऐका मंडळी, फार वर्षांपूर्वी बोरखिंडीत ठकू नावाची पाटकरीण होती. शेतांना पाणी सोडायचं काम तिचं. गावच्या तळ्यात दोन पाट यायचे, एक गढीकडून, एक वस्तीकडून. ज्याचा पाट जास्त पाणी आणेल, त्याचा तळ्यावर पहिला हक्क. पण एकटा पाट कधी सोडायचा नाही, पाण्यातल्या साती आसरा कोपतात, असा दंडक. मग कोणाचं पाणी किती, कळणार कसं? गढीचे देशमुख खुशाल म्हणायचे, "आमचंच जास्त!" आणि वस्तीचा जोंधळा उभ्या उभ्या वाळायचा.

ठकूला हे बघवेना. दोन्ही पाटांना तळ्यात पाणी सोडायच्या दोन-दोन सारख्या मोऱ्या होत्या. पहिल्या दिवशी तिनं गढीच्या दोन आणि वस्तीची एक मोरी घटकाभर उघडली. तळं सात बोटं चढलं. दुसऱ्या दिवशी उलट केलं, तर आठ बोटं. ठकू पारावर बसली आणि बोटांवर हिशोब करू लागली.

"दोन्ही दिस मिळून तीन-तीन मोऱ्या, पंधरा बोटं. म्हंजे गढीची एक न् वस्तीची एक, अशी जोडी पाच बोटांची. सातातनं पाच गेलं, उरली ती गढीची मोरी, दोन बोटांची. वस्तीची तीन!"

देशमुख खवळले. "माझ्या माणसांनी चारही मोऱ्या घटकाभर सोडल्या, बारा बोटं भरली. आता तिन्ही मापांना बसेल असं उत्तर दे. नाहीतर गाव सोड!"

ठकू मात्र जागची हलली नाही.

"दोन जोड्या, दहाच बोटं. बारा कुटनं आली, सरकार? तिन्ही मापं खरी ठरवंल असं पाणी देवानंबी केलं न्हाई. मला येत न्हाई म्हून न्हवं, उत्तरच न्हाई. कुनीतरी खोटं बोललंय, आन् ती मी न्हवं."

मग सगळ्यांसमक्ष चारही मोऱ्या उघडल्या. घटका भरली, पाणी दहा बोटांवर थांबलं. देशमुखांच्या माणसांनी घागरींवर घागरी ओतल्या, तरी ते तसूभर चढलं नाही, असं म्हणतात. साती आसराच ठकूच्या बाजूनं उभ्या होत्या, असंही म्हणतात. आपल्याला विचाराल तर ती एकटीच पुरेशी होती. त्या साली तळ्यावर पहिला हक्क वस्तीला मिळाला आणि तिचा जोंधळा डोक्याच्या वर गेला.

आजही बोरखिंडीत पाट सुटण्याआधी पाटकरी ओरडून विचारतो, "चार मोऱ्या, बारा बोटं, सांगा उत्तर!" आणि अख्खं गाव, गढीतली माणसंसुद्धा, एका आवाजात म्हणतं, "न्हाई!" तोवर एकही मोरी उघडत नाहीत.