देवस्थळी मॅडमचा एकुलता एक विद्यार्थी

भोगळवाडीत एक भोळा गडी होता. तसे गावात आणखीही भोळे होते, पण ते निवडणुकीपुरते. हा बारमाही. नाव ज्ञानदेव, पण एवढं मोठं नाव त्याला अंगापेक्षा ढगळ व्हायचं, म्हणून सगळे त्याला गेनू म्हणायचे.

गेनू सांगितलेलं काम करायचा. जेवढं सांगितलं तेवढंच आणि जसं सांगितलं तसंच. आई एकदा म्हणाली, "पाव्हणं आलं की पाणी दे." पाहुणे आले. गेनूनं पाणी दिलं. पुन्हा दिलं. पाहुणे पोट धरून निघून जाईपर्यंत तो पाणीच देत होता. चहाचा विषय आईनं काढलाच नव्हता, त्याला गेनू काय करणार?

गावच्या दूध संघात तो रोजंदारीवर होता. आजूबाजूच्या वाड्यांवरून सकाळी दुधाचे कॅन यायचे, ते गेनू मोठ्या टाकीत ओतायचा. रोजंदारीवर तो आनंदात होता. आनंदात नव्हते ते शिदूमामा, साऱ्या गावाचेच मामा. शिदूमामांची मुलगी सगुणा गेनूला फार आवडायची. नुसती आवडायची नाही, तिच्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नव्हतं. सगुणालाही गेनू आवडायचा. का, ते तिचं तिला ठाऊक. पण शिदूमामांनी गेनूच्या आईला रोखठोक सांगितलं होतं, "वैनी, पोरगा नोकरीत कायम झाला की त्याच दिवशी सोयरिकीचा नारळ देतो. तोवर माझ्या दारात विषय काढायचा न्हाई."

आणि कायम करणं होतं संघाचे चेअरमन आबासाहेब यांच्या हातात.

अशात वरून फर्मान आलं. संघातल्या माणसांनी एकमेकांशी कसं वागावं, याचे धडे द्यायचे. दर सोमवारी दहा मिनिटं. धडे द्यायला जिल्ह्याहून देवस्थळी मॅडम आल्या. मॅडम हुशार, बोलणं गोड, आवाज खणखणीत. सोमवारी सगळे कामगार सतरंजीवर बसले. कुणी मोबाइल काढला, कुणी तंबाखू मळली, कुणी भिंतीला टेकून डोळे मिटले. पुढे बसून ऐकणारा एकच, गेनू.

मॅनेजर खोचरेसाहेबांनी त्याला आधीच बजावलं होतं, "गेन्या, मॅडम सांगतील ते नीट ऐक. तसंच वाग. कायम व्हायचंय ना तुला?"

गेनूला कायम व्हायचंच होतं.

पहिल्या सोमवारी मॅडम म्हणाल्या, "कोण कुठे जन्मला, कोणाचा रंग काळा की गोरा, यावरून कोणाला वेगळं काढू नका. बाजूला उभं करू नका. सगळ्यांना सामावून घ्या."

गेनूला ते फार पटलं. विसरायला नको म्हणून त्यानं डोक्याच्या टॉवेलला एक गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आलं. गेनू बघतो तर काय, गायीचे कॅन एकीकडे, म्हशीचे दुसरीकडे! रोज तोच लावायचा, पण आज त्याला ते खटकलं. काळीचं दूध वेगळं आणि गोरीचं वेगळं? कुठे फेडू हे पाप? त्यानं दोन्ही एकाच टाकीत ओतली. मग त्याला दिसला दाराबाहेरचा एक कॅन. दूध आंबलं म्हणून तो परत पाठवायला ठेवला होता. एकटा, उन्हात, कुणी विचारत नाही. गेनूचे डोळे भरून आले.

"ये बाबा, तूबी ये," म्हणून त्यानं तोही आत ओतला.

दूध तापवायला घेतलं आणि टाकीच्या टाकी नासली.

खोचरेसाहेब धावत आले. टाकीत डोकावले आणि मटकन खालीच बसले. "अरे, हे काय केलंस?"

"सामावून घेतलं, सायेब."

"अरे, आत घेताना बघावं माणसानं! आधी नाकाशी धरावं, हुंगावं. मग गदागदा हलवावं. वास आला तर दारातूनच परत पाठवावं. मग तो कॅन कुणाच्या का घरचा असेना!"

"चुकलंच सायेब. आता हुंगल्याबिगर आत घेत न्हाई."

गेनूनं टॉवेलला दुसरी गाठ मारली.

त्याच आठवड्यात नासलेल्या दुधाची चौकशी करायला आबासाहेब स्वतः आले. पांढरेशुभ्र कपडे, करकरीत वहाणा, कानात अत्तराचा फाया. दारात गेनू उभा. त्यानं आबासाहेबांच्या मानेपाशी नाक नेलं आणि दीर्घ श्वास घेतला.

"अरे, अरे, काय करतोस?"

गेनूनं दोन्ही खांदे धरून आबासाहेबांना गदागदा हलवलं. टोपी पडली. गेनूनं पुन्हा हुंगलं, नाक मुरडलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, "ह्यांना परत न्या. आंबल्यात."

खोचरेसाहेबांनी धावत येऊन टोपी उचलून दिली. आबासाहेब लालेलाल झाले. पण माणूस मुळात दिलदार. टोपी झटकत ते म्हणाले, "खोचरे, चाळीस वर्षं राजकारणात आहे. मला तोंडावर आंबलेला म्हणणारा हा पहिलाच." आणि हसत गाडीत बसले. चौकशी तशीच राहिली.

खोचरेसाहेबांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी मॅडमना फोन केला. सोमवारी मॅडमनी खास गेनूसाठी धडा घेतला.

"दुसऱ्याच्या अंगाला त्याच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. आधी विचारायचं. आणि नीट लक्षात ठेवा, समोरचा गप्प राहिला म्हणजे 'हो' नव्हे. तोंडानं स्पष्ट 'हो' म्हणाला, तरच."

"चुकलंच मॅडम. आता इचारल्याबिगर कुणाला शिवत न्हाई."

टॉवेलला तिसरी गाठ.

संघात ताकाचा एक हौद होता, जमिनीत बांधलेला, छातीइतका खोल. काठ ओला. दोन दिवसांनी खोचरेसाहेब काठावरून चालले होते. पाय घसरला आणि साहेब ताकात. छातीइतक्या ताकात कुणी बुडत नाही म्हणा, पण तळाची फरशी तुपकट, निसरडी होती. साहेब उभे राहायला जात आणि पुन्हा आडवे होत.

आवाज ऐकून गेनू पळत आला. हात पुढे केला आणि तसाच थांबला.

"सायेब, हात लावू का?"

साहेबांनी तोंड उघडलं. तोंडात ताक गेलं. "बुळूक," साहेब म्हणाले.

"हो की न्हाई, सायेब?"

"बुळूक, बुळूक."

गेनू विचारात पडला. हे 'हो' तर नव्हतं. त्यानं अदबीनं हात मागे बांधले आणि काठावर उकिडवा बसला. "सावकाश सांगा सायेब. माझी घाई न्हाई. तुमच्यावर माझा कसलाबी दबाव न्हाई."

साहेबांनी दोन्ही हात वर करून जोरजोरानं हलवले. नको म्हणायला माणूस असेच हात हलवतो, हे गेनूला माहीत होतं. तो दोन पावलं मागे सरला.

शेवटी पलीकडच्या खोलीतून लोणी काढणाऱ्या बाया आल्या आणि त्यांनी साहेबांना बखोटीला धरून ओढून काढलं. साहेबांच्या मिशांवरून ताक ओघळत होतं.

"गाढवा! माणूस हौदात वाकलेला जरी दिसला ना, तरी विचारत बसायचं नाही! कंबरेला मिठी मारायची, मागे खेचायचं आणि बोंब ठोकायची!"

"चुकलंच सायेब. आता वाकल्याला दिसला की मिठीच मारतो."

चौथी गाठ. टॉवेल आता डोक्याला बांधता येईना.

दुसऱ्या दिवशी शिदूमामा दूध घालायला आले. त्यांच्या म्हशींचं दूध याच संघात यायचं. एरवी गडी पाठवायचे, पण आज म्हटलं, जावई होऊ घातलेला पोरगा कामात कसा आहे ते बघावं. गेनू आत कॅन धूत होता. मामा हौदापाशी आले. ताजं ताक, वर लोण्याचे गोळे तरंगतायत. मामांना राहवलं नाही. ते जरा वाकले.

गेनूनं पाहिलं. कुणीतरी वाकलंय! तो वाऱ्यासारखा आला, मामांच्या कंबरेला मागून मिठी मारली आणि बोंब ठोकली. मामांना वाटलं, मागून अस्वलानं धरलं की काय. मामा पुढे ओढतायत, गेनू मागे. सदऱ्याची बटणं तुटली, धोतराचा काष्टा सुटला आणि दोघे धाडकन मागे चिखलात पडले. लोणी काढणाऱ्या बाया पुन्हा धावल्या, पण या वेळी हसून हसून त्यांच्यानं काही धरवेना.

"मामा, वाचलात!" गेनू धापा टाकत म्हणाला.

मामा धोतर सावरत उठले. "वैनीला सांग, म्हणावं नारळ परत झाडाला गेला."

त्या रात्री गेनू जेवला नाही. सगुणा आता आपल्याला मिळत नाही, एवढं त्याला नीट कळलं होतं. आईनं जवळ बसवून डोक्यावरून हात फिरवला. "आरं, तू वाईट न्हाईस रे. कायम हो एकदा. मामाबी इसरंल."

आणि नशीब बघा. कायम व्हायची वेळ खरंच आली, तीही या धड्यांमुळेच. वरून मॅडमना विचारणा झाली, तुमच्या धड्यांचा भोगळवाडीत काय परिणाम झाला? मॅडमनी सतरंजीकडे नजर टाकली. कुणी झोपलेलं, कुणी मोबाइलमध्ये. एकटा गेनू मान डोलावतोय. मॅडमनी कळवून टाकलं, ऐकलेलं प्रत्यक्षात आणणारा संघात एकच माणूस आहे. यात खोटं काहीच नव्हतं. आबासाहेबांनाही हुंगणारा गडी आठवला. ते हसून म्हणाले, "त्याला कायम करा. वर्धापनदिनी मी माझ्या हातानं पत्र देतो."

खोचरेसाहेबांनी कपाळावर हात मारला, पण कागद तयार केला.

शिदूमामांना बातमी कळली. सगुणानं दोन दिवस घरात भांडी आपटली, त्याचाही परिणाम झाला असेल. मामा विरघळले. म्हणाले, "ठीक हाय. सगळ्या गावासमोर कायम झाला, तर तिथंच नारळ देतो." आईनं घर सारवलं आणि सकाळपासून पुरण शिजत ठेवलं.

वर्धापनदिन होता मंगळवारी. म्हणजे आदल्या दिवशी सोमवार.

सोमवारी मॅडमचा शेवटचा धडा झाला. "ज्याचं आपल्याकडे काही काम आहे, त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. पाकीट नाही, नारळ नाही, शाल नाही. देणारा गोड बोलेल. आपल्याला जे हवं असतं, नेमकं तेच तो पुढे करेल. आमिष असंच असतं. तेव्हा मन घट्ट करायचं आणि चारचौघांत ठणकावून 'नको' म्हणायचं."

गेनूनं टॉवेलला शेवटची गाठ मारली. टॉवेल संपला.

मंगळवारी मांडव भरला. आबासाहेबांनी माईकवरून गेनूला बोलावलं. खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि पाकीट पुढे केलं.

"गेनू, घे. तुला जे हवं होतं, तेच आहे यात."

गेनू दचकला. शाल. नारळ. पाकीट. गोड बोलणं. जे हवं नेमकं तेच. सगळं जसंच्या तसं!

"आबासाहेब, तुमचं माझ्याकडं काय काम हाय?" त्यानं विचारलं.

"काम काय रे? उद्यापासून असंच मन लावून दूध बघ, एवढंच."

म्हणजे कामही होतं. गेनूनं शाल काढली, घडी केली, त्यावर नारळ ठेवला, वर पाकीट ठेवलं आणि सगळं आबासाहेबांच्या हातात देऊन माईक ओढला.

"नको! मी इकला जाणार न्हाई! समद्यांनी ऐका, आबासाहेबांनी मला पाकीट देऊ केलं!"

पुढच्या रांगेत देवस्थळी मॅडमनी पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली. आबासाहेब हातात शाल घेऊन उभे. खोचरेसाहेब खुर्चीवरून ओरडले, "अरे, तुझ्या नोकरीचं पत्र आहे ते!"

"असू दे सायेब. कसलंबी असू दे."

शिदूमामांना ऐकायला जरा कमी यायचं. मांडवाच्या टोकावरून त्यांना एवढंच दिसलं, की गेनूच्या खांद्यावर शाल पडली आणि पाकीट दिलं. झालं, पोरगा कायम झाला. ते लगबगीनं वर चढले, आपला नारळ गेनूच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "झालं गेलं इसरू, गेनबा. माझी सगुणा तुला दिली."

समोर बायकांच्यात सगुणा उभी होती, हिरवी साडी नेसलेली. तिच्याकडे बघून त्याला रडूच फुटलं. पण मन घट्ट करायचं होतं.

"मामा," तो म्हणाला, "तुमचं दूध आमच्या संघात येतं. मीच हुंगतो. तुमची पोरगी मी कशी घेऊ?"

"अरे येड्या, घे की!" सगुणा बायकांमधून ओरडली.

आमिष खरंच गोड बोलतं, गेनूला पटलं. त्यानं डोळे पुसले, मामांचा नारळ मामांच्या हातात परत दिला आणि मंचावरून खाली उतरला. मामा नारळ उगारून मागे धावले, पण धोतर आवरता आवरता मागे पडले.

घरी आई ताट वाढून वाट बघत होती. दारातच म्हणाली, "काय झालं रे? एवढा रडलाईस, अन् छाती पुढं काढून चाललाईस?"

"आई, आज लई मोठं काम केलं," गेनू पाटावर बसत म्हणाला. "भर मांडवात दोनदा लाच नाकारली."

"लाच? तुला कोण देतंय लाच? कसली?"

"एकदा नोकरीची. अन् एकदा बायकोची."