करंजाचा पार

नदीकाठच्या एका गावात एक म्हातारा गवंडी होता. चाळीस वर्षे त्याने दगडाला दगड जोडला. आपल्या कामात सुई शिरत नाही असे तो सांगे, आणि ते खरे होते.

त्याला मूलबाळ नव्हते. बायकोने परसात करंजाचे बी रुजवले आणि घागरी वाहून पोराच्या मायेने वाढवले. झाड सावली धरू लागले तसे गवंड्याला वाटले, याला पार हवा. त्याने बुंध्याशी मातीची भर घातली, घडीव दगड रचले आणि सिमेंटची फरशी थेट सालीला भिडवली. सारे गाव बघायला आले. म्हातारा मिशीत हसला.

दुसऱ्या वर्षी भर पावसाळ्यात करंज पिवळा पडला. शेंडा वाळला. कीड असेल म्हणून गवंड्याने कडुनिंबाचा पाला उकळून फवारला. गुण आला नाही.

बायको म्हणाली, "अहो, तुमच्या गळ्याशी कुणी असा दगड बसवला तर?"

"माझं काम आजवर कुणी फोडलेलं नाही."

"काम शंभर वर्षं टिकेल. झाडाचं मात्र येत्या उन्हाळ्यापुढं खरं नाही."

त्या दिवसापासून ती पारावर बसेनाशी झाली.

पावसाळा सरला. एका सकाळी गवंड्याने स्वतः दोन घागरी बुंध्याशी ओतल्या. पाणी फरशीवरून घरंगळले आणि गटारात गेले. खाली थेंब उतरला नाही. खरोखरच सुई शिरत नव्हती. रिकाम्या घागरी त्याने तिथेच ठेवल्या. मग घरातून हातोडा आणि छिन्नी घेऊन आला.

ठोके ऐकून शेजारी कुंपणाशी आला. "मिस्त्री, आपलंच काम फोडताय? म्हातारचळ लागला काय?"

"चुकलं होतं," गवंडी म्हणाला. हातोडा थांबला नाही. हा शब्द त्याच्या तोंडून बायकोने पहिल्यांदाच ऐकला.

त्याने बुंध्याभोवतीची फरशी उखडली आणि मुळांचे खांदे दिसेपर्यंत माती उपसली. बायकोने तिथे गळलेला पाला पसरला. चैत्रात वाळक्या शेंड्याखाली पालवी फुटली, तेल लावल्यासारखी चकचकीत. बाहेरच्या दगडांवर दोघे पुन्हा बसू लागली.

पुढे कुणी पार बांधायला बोलावले, की म्हातारा आधी झाडाभोवती दोन्ही हात पसरून उभा राही. म्हणे, "एवढी जागा झाडाची. उरली ती माझी."

तात्पर्य: ज्याला वाढवायचे त्याला आवळू नये, आणि आवळलेच, तर सोडवायला आपलाच हातोडा उचलावा.