घराबाहेर गेलेली विद्या

भाविकहो, सखानाथ महाराजांचा मुक्काम त्या वर्षी सिंदफणेकाठच्या रुईटाकळीत, महादेवाच्या देवळात होता. गावात कोंडाबाई नावाची वृद्ध सुईण होती. महाराजांवर तिची अपार भक्ती. एके दिवशी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून ती रडू लागली, "महाराज, मला ना लेक, ना सून. सासूनं दिलेली ही विद्या माझ्यासंगं सरणावर जायची."

महाराज म्हणाले, "मग शिकव की! गावात बाया काय थोड्या आहेत?"

कोंडाबाई दचकली. विद्या घराबाहेर सांगितली की हाताचा गुण जातो, असं साऱ्या सुइणी मानत. पण गुरूची आज्ञा! तिने कोंड्याच्या थैलीत चिंध्यांची बाहुली घातली आणि डोळे मिटून डोकं कुठं, पाय कुठं हे चाचपायला आणि आडवं मूल वळवायला ती बायांना शिकवू लागली.

गावची दुसरी सुईण राही. देशमुखांच्या घरची बाळंतपणं करणारी, तिचा तोरा काय वर्णावा! "विद्या म्हंजी काय देवळातला प्रसाद, येईल त्याला वाटायला?" ती पाणवठ्यावर फिदीफिदी हसे. "आन् महाराजांना काय कळतंय बाळंतपणातलं? म्हाताऱ्या बाहुल्या खेळायला लागल्या!" महाराजांच्या कानी हे गेलं. ते नुसते हसले.

श्रावणात राहीची एकुलती लेक सुगंधा पहिलटकरीण म्हणून माहेरी आली, आणि नेमकं तेव्हाच शेवाळावरून घसरून राहीचं उजवं मनगट मोडलं. सुगंधाला कळा सुरू झाल्या त्या दिवशी नदीला पूर. कोंडाबाई पलीकडच्या गावी अडकलेली. राहीने डाव्या हाताने लेकीचं पोट चाचपलं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. मूल आडवं होतं! त्याला फिरवायला दोन हात हवेत, आणि ती कला तिने कुणालाही, अगदी पोटच्या लेकीलाही सांगितली नव्हती. गावाच्या लेकीसुना सोडवणारी राही स्वतःच्या लेकीपुढे हतबल होऊन बसली.

इतक्यात दारात कोंडाबाईची शिष्या, कुंभाराची सून तान्ही उभी राहिली. "महाराजांनी धाडलं. पण काकू, मी आजवर बाहुलीच फिरवलीय."

राहीने मोडक्या मनगटासकट हात जोडले. "फिरव गं माये!"

तान्हीने ओव्याचं तेल घेतलं, "सखानाथा, धाव!" म्हणत पोटावर हात ठेवले. आपल्या हातांवर कुणाचे तरी उबदार तळवे आहेत, असं तिला स्पष्ट जाणवलं. हळूहळू मूल वळलं, डोकं खाली आलं आणि सांज व्हायच्या आत घरात बाळाचा टाहो घुमला!

राही धावतच देवळात गेली. महाराज भजनाला बसले होते आणि एक शिष्य त्यांचे तळवे पुसत म्हणत होता, "मघापासून पुसतोय, हे तेल येतंय तरी कुठून?" राहीला वास आला. ओव्याचं तेल, तिच्याच घरचं! तिने महाराजांच्या पायांवर लोळण घेतली.

"महाराज, तुम्हीच वाचवलीत माझी लेक!"

"तान्हीचा हात शिकलेला होता, म्हणून आम्हाला तो धरता आला," महाराज म्हणाले. "तुझ्या घरात असा दुसरा हात होता का, राही?"



पूर ओसरल्यावर कोंडाबाई परतली. बाया जमल्या, तशी राहीही आली. तिने भर सभेत कोंडाबाईचे पाय धरले आणि जन्मतः न रडणाऱ्या मुलाला कसं जागं करायचं, हे सासूने कानात सांगितलेलं गुपित ती बोलायला लागली.

"थांब गं राही," कोंडाबाई डोळे पुसत म्हणाली, "हे मलाबी ठाव नव्हतं. पुन्हा सांग!"

आणि राहीने ते पुन्हा सांगितलं, पार मागे बसलेल्या बायांनाही ऐकू जाईल अशा आवाजात.