विहिरीवर पडलेलं दार

पुन्हा मीच सांगायचं. पाळकाला पगार आहे, त्याला विचारा म्हटलं तर म्हणे, "आजोबा, तुमच्या तोंडूनच बरं वाटतं." बरं वाटायची गोष्ट नाही ही. आलाच आहात तर त्या दगडावर बसा, आणि फोटो नंतर काढा.

हे कोळथडीचं चर्च. आवाराला भिंत आहे, दाराची चौकट आहे, दार नाही. दार तिकडे विहिरीच्या तोंडावर आडवं पडलंय. फळ्या बदलल्यात अधूनमधून, खोटं कशाला सांगू. पण जागा तीच.

सालोमी नावाची बाई होती म्हणे, चर्च झाडायची. बाप्तिस्मा घ्यायच्या आधी तिची सगळी हयात पाटलाच्या आडावर गेली. आडाला शिवायचं नाही. खाली बसायचं, भांडं धरायचं, वरून कुणी ओतील तेवढं न्यायचं. मग मिशनचे लोक आले, चर्च झालं, आवारात विहीर खणली. सालोमीनं स्वतःच्या हातानं पहिला पोहरा शेंदला तेव्हा ती तिथंच मटकन बसली आणि रडली, असं सांगतात.

मग दुष्काळ पडला. पाटलाचा आड आटला, ही विहीर तेवढी राहिली. तेव्हा आमच्या मंडळीनं काय करावं? आवाराला दार बसवलं. आतून अडसर. मंडळीतल्या दावीद पंचानं नियम काढला : आधी बाप्तिस्मा, मग पाणी. काल जे पाटलाच्या पायाशी भांडं धरून बसले होते, तेच आज पाटील झाले! पाळक म्हणे, पाणी कमी आहे. लाज त्याहून कमी होती.

गावाच्या कडेला दोर वळणाऱ्यांची घरं होती. जात सांगत नाही, सांगितली की लोक मनातल्या मनात मापायला लागतात. ह्या विहिरीचा दोरही त्यांनीच वळलेला. त्यातली ठकूबाई सुईण. सालोमीचा मुलगा तिनंच सोडवलेला.

प्रभुभोजनाचा रविवार होता, येशूच्या नावानं भाकर नि द्राक्षरस वाटायचा. पाळकानं प्याला उचलला आणि बाहेर दारावर घागर आपटायला लागली. ठकूची लेक अडली होती, घरात पाण्याचा थेंब नव्हता.

दावीद पंच उठून आवारात गेला. दार न उघडताच म्हणाला, "ठके, नियम ठाऊक आहे ना? आधी बाप्तिस्मा."

"पोटातल्याला कुठला धर्म चिकटवू रे दावीदा? त्याला बाहेर तर येऊ दे!"

सालोमीला आत बसवेना. ती उठली, विहिरीवर गेली, पोहरा भरला, पंचाला खांद्यानं ढकललं आणि अडसर काढला. इथवर चांगलं केलं. पण मग तिनं पोहरा डोक्याच्या वर धरला आणि तिथून ओतायला लागली. पाणी द्यायची दुसरी रीत तिनं जन्मात पाहिलीच नव्हती. निम्मं मातीत गेलं.

ठकूनं घागर मागे घेतली. "पाटलीण झालीस का गं? तुझं पोर ह्याच हातांनी ओढलं मी. तेव्हा नाही विटाळलीस?"

सालोमीनं वर पाहिलं. वरून ओतणारा हात आपलाच होता. मग ती जी पेटली म्हणतात! तिनं दार खालून धरलं आणि उपसायला बघितलं. एकटीनं हललं नाही. आतल्या बाया उठून आल्या, प्याला तसाच ठेवून. दार खुंट्यांवरून निघालं. विहिरीचा काठ ढासळलेला, एकीलाच उभं राहता येईल एवढी जागा. बायांनी दार अर्ध्या तोंडावर आडवं टाकलं. त्यावर ठकू चढली, शेजारी सालोमी, आणि ठकूनं स्वतः शेंदलं. पाळक मागाहून आला आणि रडला म्हणे. दार उचलायला हात लावला असता तर जास्त बरं झालं असतं.

काही सांगतात की त्या वेळी पाणी काठापर्यंत चढलं. मला पटत नाही. होतं तेवढंच होतं, आणि सगळ्यांना पुरलं. चमत्कार लागतो तो माणसांना हलवायला.

पोर जगलं. ठकूची लेक गेली. दाराशी बोलण्यात वेळ गेला तो गेलाच.

आजही प्रभुभोजनाच्या रविवारी बाप्तिस्मा न घेतलेलं कुणीतरी आधी त्या दारावर उभं राहून पाणी शेंदतं. त्याशिवाय पाळक भाकरीला हात लावत नाही. आजही कोळथडीत कुणी कुणाला वरून ओतत नाही, तांब्या हातात देतात. आणि आजही चौकट उघडी आहे. गेल्या वर्षी चर्चच्या सेक्रेटरीनं चोरांच्या नावाखाली लोखंडी गेट आणलं, तेव्हा मी चौकटीत जाऊन बसलो. गेट परत गेलं. पण भर मंडळीत तो मला म्हणाला, "बाहेरच्यांनी मध्ये पडू नये."

ते जगलेलं पोर माझ्या आज्याचा बाप. मला बाहेरचा म्हणणाऱ्यानं अजून माफी मागितलेली नाही. त्याचं नाव लिहून घ्या : नहेम्या भिंगारदिवे.