येसू सुतारणीचं उकलणारं घर

फार वर्षांपूर्वी, नेरवणच्या नदीवर पूलही नव्हता तेव्हा, गावात येसू नावाची सुतारीण राहायची. नवरा गेल्यावर त्याची पटाशी तिनं उचलली ती पुन्हा खाली ठेवलीच नाही. लाकडाला नुसता कान लावून त्याचं वय ती सांगायची, असं म्हणतात.

गावचे मोठे शेतकरी दाजी गावकर यांनी नदीकाठी घर बांधायला काढलं. मुलाचं लग्न ठरलं होतं, म्हणून त्यांना घाई होती. येसूनं त्यांना तीन रीती सांगितल्या. खिळे ठोकले तर घर लवकर उभं राहतं. खाचेत लाकूड बसवून सरस भरला तर सांधा जन्मात सुटत नाही. तिसरी रीत वेळखाऊ होती. खांबाच्या डोक्याला जीभ काढायची, तुळईला तेवढंच भोक पाडायचं आणि आडवी लाकडी खुंटी मारायची. खुंटी उलटीकडून ठोकली की सांधा मोकळा होतो.

दाजी म्हणाले, सरस भर. येसू म्हणाली, "दाजी, नदी दर वर्षी काठ खाते. उद्या घर उठवावं लागलं तर?"

पाया घालताना घर उठवायची भाषा! दाजी संतापले. पण येसूनं आधीच सोळाही खांबांना जिभा काढून ठेवल्या होत्या आणि सागवान वाया घालवणं त्यांच्या जिवावर आलं. घर खुंट्यांवरच उभं राहिलं. मात्र त्या दिवसापासून अपशकुनी म्हणून येसूला कुणी कामाला बोलावेना. बायका पाणवठ्यावर विचारायच्या, "काय गं, घर बांधलंस की उकलायची खाट?" येसू घागर भरून निघून जायची.

चौथ्या वर्षी भाद्रपदात काठ ढासळू लागला. रोज हातभर जमीन जाई. दाजींची सून बाळंतीण होती. तिला टेकडीवरच्या देवळात नेलं, पण गळक्या देवळात तान्हं बाळ किती दिवस ठेवणार? दाजी ओसरीवरून ढासळता काठ बघत बसले.

न बोलावता येसू आली. कौलं उतरवा, कुडाच्या भिंती सोडवा, एवढंच तिनं सांगितलं. मग एकेका खांबाला हात लावत ती फिरली. असं म्हणतात, तिनं एकदाच टकटक केलं आणि खुंट्या आपल्या आपण बाहेर आल्या. सारा गाव तुळया खांद्यावर घेऊन टेकडी चढला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बाळ आपल्याच छपराखाली निजलं होतं.

दाजींनी सगळ्यांसमोर पागोटं काढलं. "येसू, अपशकुनी तू नव्हतीस. मी ऐकून घेतलं नाही."

"आता ऐका," ती म्हणाली. "काठावरची बाकीची आठ घरं खिळ्यांची आहेत. माणसं द्या."

ती घरं काढताना लाकडं फुटली. येसूनं फुटकी टोकं कापून नव्या जिभा काढल्या. घरं थोडी ठेंगणी झाली, पण दसऱ्याला नऊही घरांवर तोरणं लागली.

आता नेरवणला सिमेंटची घरं होतात. तरी दाराची लाकडी चौकट आधी जुळवतात, शेजारच्या बायका येऊन ती उकलतात आणि पुन्हा जुळवतात. त्याला येसूचा हात म्हणतात. परगावचा गवंडी कुरकुरतो, अर्धा दिवस फुकट गेला म्हणतो. कुणी त्याच्याशी वाद घालत नाही. त्याला चहा देतात, सावलीत बसवतात आणि चौकटीचं एक टोक धरायला सांगतात.